चिपमधल्या खोट्या वाटा

आखातात प्रकल्प नियोजनाचं काम करणाऱ्या मराठी मंडळींना 'क्रिटिकल पाथ' हा शब्द नवा नाही. प्रिमाव्हेराच्या पडद्यावर लाल पट्ट्यांची जी साखळी दिसते, ती ही. पाया, मग कॉलम, मग स्लॅब, मग वायरिंग, अशी एकामागून एक होणारी कामं जोडत गेलं की सगळ्यात लांब साखळी जितक्या दिवसांची, तितक्या दिवसांचा प्रकल्प. बाकी कामं कितीही लवकर उरकली तरी या साखळीच्या आधी इमारत उभी राहत नाही.

तुमच्या खिशातल्या मोबाइलमधली चिप बाजारात येण्याआधी तिच्यावर अगदी हाच हिशेब केलेला असतो. फक्त दिवसांच्या जागी पिकोसेकंद असतात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचं माप. या हिशेबाला 'स्टॅटिक टायमिंग ॲनालिसिस' म्हणतात. यातला एक भाग असा आहे की तो प्रकल्प नियोजनात भेटत नाही, आणि चिप बनवणाऱ्यांना मात्र रोज भेटतो. त्याचं नाव 'फॉल्स पाथ', म्हणजे खोटी वाट. ही वाट नकाशावर असते, तारांनी जोडलेलीही असते, पण तिच्यावरून प्रत्यक्षात कधीच काही जात नाही. अशी वाट ओळखली नाही तर चिप उगाच मंद आणि महाग होते. चालू वाटेला चुकून खोटी म्हटलं, तर चिप बंद पडते. आज ही भानगड नीट समजून घेऊ.

आधी एक गोदाम

दोह्याच्या दक्षिणेला, अल वक्रा नगरपालिकेच्या हद्दीत बिरकत अल अवामेर नावाचा भाग आहे. गोदामं, ट्रेलर, कंटेनर आणि मालाची चढउतार हेच इथलं जग. कतारमध्ये राहणाऱ्या वाचकांनी तो नक्की पाहिला असेल. बाकीच्यांनी भिवंडीची गोदामं डोळ्यांसमोर आणली तरी चालेल. तिथलं एक काल्पनिक गोदाम आपण उदाहरणाला घेऊ. आकडेही हिशेबाच्या सोयीसाठी मनाने धरलेले आहेत.

या गोदामात येणाऱ्या कंटेनरला दोन टप्पे पार करावे लागतात. पहिला टप्पा तपासणीचा. कंटेनर थंडगार मालाचा असेल तर वाटेतल्या तापमानाची नोंद बघायची, त्याला 40 मिनिटं. साधा कोरडा माल असेल तर नुसतं सील बघायचं, त्याला 10 मिनिटं. मग सगळे कंटेनर एकाच आवारात येतात. दुसरा टप्पा उतरवण्याचा. कोरडा माल असेल तर खोके हाताने मोजायचे, 60 मिनिटं. थंड माल असेल तर मोजत बसायचं नाही, सरळ शीतगृहात ढकलायचा, 15 मिनिटं.

आता एका कंटेनरला जास्तीत जास्त किती वेळ लागेल? नकाशा बघून उत्तर देणारा माणूस म्हणेल, पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त 40, दुसऱ्यात जास्तीत जास्त 60, एकूण 100 मिनिटं. बेरीज बरोबर आहे. पण असा कंटेनर अस्तित्वातच नाही. 40 मिनिटं लागायची तर माल थंड हवा, 60 लागायची तर कोरडा हवा, आणि एकच कंटेनर एकाच वेळी दोन्ही असू शकत नाही. खरे हिशेब दोनच: थंड माल 40 अधिक 15 म्हणजे 55 मिनिटं, कोरडा माल 10 अधिक 60 म्हणजे 70 मिनिटं. जास्तीत जास्त वेळ 70 मिनिटं.

एका वेळी एकच कंटेनर आत घ्यायचा असेल आणि 10 तासांची पाळी असेल, तर 100 मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला 6 कंटेनर होतील, 70 च्या हिशेबाने 8. म्हणजे त्या खोट्या वाटेला खरी समजल्यामुळे रोजचे 2 कंटेनर गेले. कोणाची चूक झाली नाही, कोणी आळस केला नाही, आणि तरी काम घटलं.

आणखी एक गोष्ट इथेच बघून ठेवा. नकाशावर सगळ्यात छोटी वाट 10 अधिक 15, म्हणजे 25 मिनिटांची आहे. तीही खोटीच. या छोट्या वाटेचं काम पुढे पडणार आहे.

चिपमधला घड्याळाचा ठोका

आता गोदामातून चिपमध्ये येऊ. चिपमध्ये दोन प्रकारची माणसं कामाला आहेत असं समजा. एक प्रकार गेटचा. गेट म्हणजे शून्य-एक घेऊन शून्य-एक देणारा छोटा हिशेबनीस. इनपुट बदललं की थोड्या पिकोसेकंदांनी त्याचं आउटपुट बदलतं. दुसरा प्रकार फ्लिप-फ्लॉपचा. हा रखवालदार आहे. क्लॉकचा ठोका पडला की दारात जे उभं असेल ते आत घेतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच धरून ठेवतो.

एका रखवालदाराकडून निघालेला सिग्नल मधल्या गेटांच्या रांगेतून दुसऱ्या रखवालदारापर्यंत पोचला पाहिजे, आणि तोही पुढचा ठोका पडण्याच्या थोडा आधी. या 'थोडा आधी'ला सेटअप म्हणतात. त्याचबरोबर ठोका पडल्यावर क्षणभर तरी तो सिग्नल बदलता कामा नये, नाहीतर रखवालदार जुनं सोडून नवंच आत घेईल. या अटीला होल्ड म्हणतात. सेटअपला भीती सगळ्यात लांब वाटेची, होल्डला भीती सगळ्यात छोट्या वाटेची.

हाताशी वेळ किती असतो? क्लॉक 1 गिगाहर्ट्झचा असेल तर दोन ठोक्यांमध्ये 1000 पिकोसेकंद. 3 गिगाहर्ट्झला साधारण 333. एवढ्या वेळात निर्वात पोकळीत प्रकाशसुद्धा जेमतेम 10 सेंटीमीटर जातो. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर आयआयटी मुंबईत बनलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर घ्या. 2019 साली त्याची बातमी आली. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटर तंत्रज्ञानाने तो बनवला गेला, आणि तेव्हा त्याचा वेग 70 ते 120 मेगाहर्ट्झ सांगितला होता. 120 मेगाहर्ट्झ म्हणजे दोन ठोक्यांमध्ये साधारण 8.3 नॅनोसेकंद. त्या प्रोसेसरमधल्या प्रत्येक खऱ्या वाटेला एवढ्या वेळात पार व्हायचं असतं. एकही वाट मागे राहिली तर उत्तर चुकतं.

सेटअप चुकलं तर निदान क्लॉक मंद करून चिप वाचवता येते. कमी किमतीत विकायची, एवढंच. होल्ड चुकलं तर क्लॉक कितीही मंद करा, चूक तशीच राहते. ती चिप फेकावी लागते.

मोजून का बघत नाहीत?

सगळे आकडे घालून चिप चालवूनच का बघू नये, असं तुम्हाला वाटेल. दोन 64 बिटी संख्यांची बेरीज करणारं साधं सर्किट घ्या. इनपुटचे एकूण प्रकार 2 चा 128 वा घात, म्हणजे 3 च्या पुढे 38 आकडे. एका सेकंदात एक अब्ज अब्ज प्रकार तपासणारं यंत्र आणलं तरी सगळे तपासायला साधारण 10 लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे सुमारे 1380 कोटी वर्षं. त्यातही टायमिंग बघायचं तर एका इनपुटवरून दुसऱ्यावर जाताना काय होतं ते बघावं लागतं, म्हणजे या प्रकारांच्या जोड्या तपासायच्या.

म्हणून इंजिनिअरांनी वेगळी युक्ती केली. इनपुट काय आहे ते विसरून जा. प्रत्येक गेटला जास्तीत जास्त किती वेळ लागतो ते माहीत आहे, तारेला किती लागतो ते माहीत आहे. बस, बेरीज करत चला. प्रत्येक गेटपाशी येणाऱ्या वाटांपैकी सगळ्यात उशिरा येणारी धरा, तिच्यात त्या गेटचा वेळ मिळवा, पुढे जा. कोट्यवधी गेट असले तरी हे काम आटोक्यात राहतं, कारण प्रत्येक गेटला एकदाच भेट द्यायची असते. इनपुट हलवावं लागत नाही, म्हणून नाव 'स्टॅटिक'.

ही युक्ती कुठून आली ते नियोजनवाल्यांना ऐकायला आवडेल. 1957 च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांची कामं आखण्यासाठी क्रिटिकल पाथची पद्धत तयार केली. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' ही तिची चुलत बहीण आणली. आणि 1966 मध्ये आयबीएमच्या कर्कपॅट्रिक आणि क्लार्क यांनी आपल्या शोधनिबंधात दाखवलं की लॉजिक सर्किटची रचना करतानाही पर्ट वापरता येतं. बिरकत अल अवामेरमध्ये शेड उभी करणाऱ्या नियोजकाचा तक्ता आणि चिपच्या टायमिंगचा अहवाल हे एकाच घराण्यातले आहेत.

इथेच फरक पडतो

इमारतीच्या तक्त्यात एखाद्या कामाआधी पाच कामं दाखवली असतील, तर ती पाचही व्हावीच लागतात. एकही सुटत नाही. म्हणून तिथली सगळ्यात लांब साखळी खरीच असते.

सर्किटमध्ये तसं नाही. गेटकडे येणाऱ्या दोन वाटांपैकी कोणती महत्त्वाची, हे त्या वेळी तिथे शून्य आहे की एक यावर ठरतं. अँड गेटच्या एका पायावर शून्य आला की दुसऱ्या पायावर काहीही होवो, उत्तर शून्यच. मल्टिप्लेक्सर नावाचा भाग तर रेल्वेच्या सांध्यासारखा आहे. सांधा डावीकडे वळवलेला असेल तर उजव्या रुळावरची गाडी पुढे येतच नाही. स्टॅटिक हिशेब मात्र सांधा कुठे वळलाय ते बघत नाही. तो दोन्ही रूळ चालू धरतो आणि जास्त उशिराची गाडी मोजतो.

गोदामाचं उदाहरण म्हणजे एकाच दांड्याने फिरणारे दोन सांधे होते. माल थंड की कोरडा हा तो दांडा. पहिला सांधा लांब रुळावर असेल तेव्हा दुसरा छोट्यावर असतो. दोन्ही लांब रूळ एकदम कधीच मिळत नाहीत.

बेरजेच्या यंत्रातलं उदाहरण

या विषयाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे 'कॅरी-स्किप ॲडर'. नाव मोठं आहे, पण गोष्ट शाळेतली आहे. बेरीज करताना आपण हातचा घेतो. सगळ्यात उजवीकडचा हातचा डावीकडे सरकत सरकत शेवटच्या घरापर्यंत जाऊ शकतो. 999 मध्ये 1 मिळवून बघा. हातच्याचं हे एकेक घर सरकणं हीच बेरजेतली सगळ्यात लांब वाट.

आता 16 बिटी बेरीज घ्या आणि तिचे चार-चार बिटांचे चार गट करा. एखाद्या गटातलं प्रत्येक घर आलेला हातचा जसाच्या तसा पुढे ढकलणारं असेल, तर तो गटात शिरून रांगत बाहेर येण्याची गरजच काय? बाहेरूनच एक जोडरस्ता द्या. गटाच्या शेवटी एक सांधा ठेवा. चारही घरं 'ढकलणारी' असतील तर सांधा जोडरस्त्याकडे, नाहीतर आतल्या वाटेकडे.

हिशेब करू. सुरुवातीच्या तयारीला 1 एकक, प्रत्येक घर ओलांडायला 2, सांध्याला 1 आणि शेवटी बेरजेचा बिट काढायला 1 एकक वेळ धरा. स्टॅटिक हिशेब म्हणेल: तयारी 1, पहिले तीन गट आतून रांगत प्रत्येकी 8 अधिक सांधा 1 म्हणजे 27, शेवटच्या गटात तीन घरांचे 6, शेवटचा बिट 1. एकूण 35.

ही वाट खोटी आहे. हातचा एखाद्या गटात शिरून चारही घरं ओलांडतो याचाच अर्थ चारही घरं ढकलणारी आहेत. मग सांधा जोडरस्त्याकडे वळलेला आहे, आतून रांगत येणाऱ्याकडे कोणी बघतच नाही. खरी सगळ्यात लांब वाट अशी: हातचा पहिल्या गटाच्या पहिल्या घरात जन्माला आला, त्या गटातून रांगत बाहेर पडला, मधले दोन गट जोडरस्त्याने टाळले, शेवटच्या गटात तीन घरं रांगला. तयारी 1, पहिला गट 8, सांधा 1, मधले दोन सांधे 2, शेवटची घरं 6, बिट 1. एकूण 19.

35 आणि 19. गंमत अशी की जोडरस्ते वेग वाढवण्यासाठी बांधले, आणि स्टॅटिक हिशेबाला मात्र त्या सांध्यांमुळे वाट आणखी लांब झाल्यासारखी दिसते. त्या 35 वर विश्वास ठेवला तर क्लॉक जवळपास निम्म्या वेगाने चालवावा लागेल. किंवा सॉफ्टवेअर ती वाट छोटी करण्यासाठी मोठमोठे गेट टाकत बसेल. त्यात जागा जाईल, वीज जाईल, चिप तापेल, आणि एवढं करून खऱ्या वाटेला त्याचा काहीच उपयोग नाही.

मग सॉफ्टवेअरच का शोधत नाही?

काही प्रमाणात शोधतं. 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि 1990 च्या सुरुवातीला यावर खूप संशोधन झालं. खऱ्या वाटेची नेमकी व्याख्या काय, यावरच वाद झाले, कारण सिग्नल स्थिर झाल्यावर जे अशक्य असतं ते मधल्या गडबडीच्या क्षणी शक्य असू शकतं. पण मूळ अडचण गणिताची आहे. एखादी वाट चालू करणारं एखादं तरी इनपुट आहे का, हा प्रश्न त्या प्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या कुळातला आहे, ज्याचा पाया स्टीफन कुक यांनी 1971 मध्ये घातला. एका वाटेसाठी तो सुटेल. वाटा मात्र कोट्यवधी असतात. चिपच्या टायमिंगच्या गणितावर वाचायचं असेल तर सचिन सापटणेकर यांचं 2004 चं 'टायमिंग' हे पुस्तक आहे. ते आयआयटी मुंबईचे 1987 चे बी.टेक., पुढे मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक.

दुसरी अडचण अशी की काही गोष्टी सर्किटमध्ये लिहिलेल्याच नसतात. कतारमधलंच उदाहरण घ्या. 2021 च्या नियमाप्रमाणे 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे. आपल्या गोदामाच्या नकाशावर उघडं आवार दिसेल, पण जुलैच्या दुपारी तिथे माणूस काम करणार नाही हे नकाशा सांगणार नाही. ते बाहेरून कोणीतरी सांगावं लागतं. चिपमध्येही तसंच. अमुक पिन फक्त कारखान्यात चाचणी घेताना वापरणार, अमुक रजिस्टर सुरुवातीला एकदाच भरलं जाणार, या गोष्टी डिझाइन करणाऱ्याच्या डोक्यात असतात.

म्हणून तो माणूस एका फाइलमध्ये लिहून देतो: या ठिकाणापासून, या ठिकाणामधून, या ठिकाणापर्यंतची वाट खोटी आहे, मोजू नका. त्या आज्ञेचं नाव 'सेट फॉल्स पाथ'. सॉफ्टवेअर ती वाट हिशेबातून काढून टाकतं.

ही आज्ञा म्हणजे वचन आहे

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. स्टॅटिक हिशेब स्वभावाने भित्रा आहे. तो चुकला तर जास्त वेळ सांगून चुकतो, आणि त्याने नुकसान होतं ते पैशाचं, चिप मात्र चालते. 'ही वाट खोटी आहे' ही या हिशेबातली अशी जागा आहे जिथे माणूस यंत्राला सांगतो, घाबरू नको, माझ्यावर सोड. यंत्र सोडतं. पुन्हा विचारत नाही. ते वचन चुकीचं असेल तर अहवाल तरीही स्वच्छ येतो, कारण जिथे चूक आहे तिथे बघायचंच नाही असं आपणच सांगितलेलं असतं.

वचन तीन प्रकारे बिघडतं.

पहिला प्रकार, गरजेपेक्षा मोठं वचन. गोदामात खरं वाक्य असं आहे: 'तापमान तपासलेला कंटेनर मोजणीला जाणार नाही.' घाईत कोणी लिहिलं, 'तपासणीपासून पुढचं काहीच मोजू नका', तर 100 मिनिटांची खोटी वाट गेलीच, पण 55 आणि 70 च्या खऱ्या वाटाही गेल्या. 25 मिनिटांची खोटी छोटी वाटसुद्धा अशाच एका ओळीने जाते आणि सोबत होल्डची खरी तपासणी घेऊन जाते. अहवालातल्या शेकडो लाल ओळी एका झटक्यात गायब झाल्या की डेडलाइनच्या आदल्या रात्री बरं वाटतं. म्हणून आज्ञेत 'या ठिकाणामधून' हा भाग असतो: पहिल्या लांब रुळामधून आणि दुसऱ्या लांब रुळामधून, दोन्ही ठिकाणं नावानिशी लिहायची. तो दांडा स्वतः उशिरा फिरत असेल तर त्याची वाट खरी असते, तीही कापायची नाही.

दुसरा प्रकार, शिळं झालेलं वचन. जुलैच्या दुपारी उघड्या आवाराची वाट खोटी आहे हे बरोबर. 16 सप्टेंबरला ती खरी होते. एखादा सर्किटचा तुकडा एका चिपमध्ये वापरला, तेव्हा अमुक रजिस्टर चालू असताना बदलत नव्हतं. चार वर्षांनी तोच तुकडा दुसऱ्या चिपमध्ये गेला, तिथलं सॉफ्टवेअर वीज वाचवण्यासाठी तेच रजिस्टर सारखं बदलतं. सर्किट बदललं नाही, फाइल बदलली नाही, पण वचन खोटं झालं.

तिसरा प्रकार, वेगळ्याच गोष्टीला खोटी वाट म्हणणं. काही वाटांना एका ठोक्याऐवजी दोन किंवा तीन ठोके मिळालेले असतात. त्यांना 'मल्टिसायकल पाथ' म्हणतात. तिथे सिग्नल नक्की येतो, फक्त त्याला जास्त वेळ दिलेला असतो. त्यांना खोटं म्हणून टाकलं तर तीन ठोक्यांत पोचायचा सिग्नल पाच ठोक्यांनी आला तरी कोणी विचारणार नाही.

दोन वेगळ्या क्लॉकच्या मधल्या वाटांचंही तसंच. दोन घड्याळांचा एकमेकांशी मेळ नसेल तर स्टॅटिक हिशेबाला अर्थ उरत नाही, म्हणून त्या वाटाही बहुतेक जण खोट्या म्हणून लिहितात. पण सिग्नल तिथून खरोखर जातो, आणि नेमका रखवालदाराच्या दार लावण्याच्या क्षणी येऊ शकतो. मग रखवालदार काही काळ शून्य आणि एकच्या मध्ये अडकतो, कडेवर उभ्या राहिलेल्या नाण्यासारखा. यावर उपाय म्हणून एकामागे एक दोन रखवालदार ठेवतात, म्हणजे दुसऱ्यापर्यंत पोचेतो नाणं बहुधा पडलेलं असतं. हिशेबातून वाट काढली की ही जबाबदारी संपत नाही. ती दुसऱ्या तपासणीकडे सोपवायची असते, आणि ती खरंच सोपवली गेली का ते बघायचं असतं.

न मोजलेल्या वेळेची किंमत

मार्च 1999 मध्ये नासाने 'वायर' नावाची छोटी अवरक्त दुर्बीण अवकाशात सोडली. दुर्बीण थंड ठेवण्यासाठी तिच्यात गोठवलेला हायड्रोजन होता आणि तोंडावर झाकण होतं. झाकण योग्य वेळी छोट्या स्फोटकांनी उडवायचं होतं. ते काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला वीज दिली, आणि झाकण त्याच क्षणी उडालं. हायड्रोजन भराभर वाफ होऊन निघून गेला, यान गरगर फिरू लागलं. दुर्बिणीचं ठरलेलं काम सुरू होण्याआधीच संपलं.

चौकशीत कारण सापडलं ते डिजिटल सर्किटच्या रचनेत. वीज आल्यावर सर्किटला शहाण्या स्थितीत आणणारा रीसेट क्लॉकच्या ठोक्यावर अवलंबून होता, आणि ठोके देणाऱ्या क्रिस्टलला सुरू व्हायला थोडा वेळ लागतो. त्या मधल्या वेळात आउटपुटवर काय असेल ते कोणाच्याच हातात नव्हतं. सुरुवातीच्या त्या अस्थिर वेळेचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं चौकशी समितीने नोंदवलं.

ही फॉल्स पाथच्या आज्ञेची चूक नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. पण गृहीतक त्याच जातीचं होतं: इथे काही घडणार नाही, इथला वेळ मोजायला नको. रीसेटच्या वाटा आजही पुष्कळ ठिकाणी सरसकट खोट्या म्हणून लिहिल्या जातात. रीसेट लागू होताना क्लॉकची वाट बघायची नसेल तर ते चालतंही. पण रीसेट सुटतो तो क्षण मोजावाच लागतो. सगळे रखवालदार एकाच ठोक्याला जागे झाले नाहीत तर चिपची सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते.

मग करायचं काय?

तुमच्या घरात कोणी या क्षेत्रात शिकत असेल, तर त्याला किंवा तिला तीन साध्या सवयी सांगा. प्रत्येक खोट्या वाटेच्या ओळीवर 'का' ते एका वाक्यात लिहायचं. 'थंड आणि कोरडा एकदम नसतात' इतकं सरळ. कारण लिहिता येत नसेल तर ओळ लिहायची नाही. दुसरं, ते कारण सिम्युलेशनमध्ये तपासणी म्हणून घालायचं: दोन्ही लांब रूळ एकदम चालू दिसले तर लगेच ओरड. म्हणजे वचनावर कोणाची तरी नजर राहते. आणि सर्किटचा तुकडा नव्या चिपमध्ये जाताना त्याच्यासोबतची वचनंही नव्याने वाचायची, जशी नव्या साइटवर गेल्यावर जुनी परवानगी चालत नाही तशी.

आणि तुम्ही चिपशी संबंधित नसाल, गोदाम किंवा प्रकल्प चालवत असाल, तरी तुमच्या तक्त्यात 'हे कधीच होत नाही' म्हणून वगळलेल्या ओळी असतीलच. त्या वगळणं बहुतेक वेळा बरोबर असतं. त्याशिवाय कामाला वेग येत नाही. फक्त प्रत्येक ओळीशेजारी ती कशाच्या भरवशावर वगळली आणि तो भरवसा कोणत्या तारखेपर्यंतचा, एवढं लिहून ठेवा.